बाटली हलवली का?

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून कामाला येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शर्ट पांढरा, पँट खाकी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि ते बूटसुद्धा खडू लावून पांढरे केलेले. अख्ख्या गावाचा संडास-मोरीचा कारभार ज्या हौदांत येऊन पडतो, त्या हौदांच्या कठड्यावरून हा गृहस्थ सकाळी सात ते दुपारी तीन फिरायचा, आणि घरी जाताना शर्टावर एक ठिपका नसायचा. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हवालदार, इथं पांढरं कशाला घालता? जुनंपानं काहीतरी घालावं माणसानं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी मुद्दाम विटका, उसवलेला पंजाबी ड्रेस घालून गेले होते.

"बाई, घाण पाण्यात असती. माणसावर न्हाई. उद्यापास्नं चांगलं कापड घालून या."

मला असा राग आला म्हणता! पण दुसऱ्या दिवशी मी चांगला ड्रेस घातला.

गावाचं नाव लिहीत नाही. सातारा आणि सांगलीच्या मधे, कृष्णेच्या काठावरचं ते गाव. तिथली माणसं अजून मला बाजारात ओळखतात आणि त्यातली दोघं-तिघं ओळख न दाखवता पुढं जातात, तेवढं पुरे. नव्वद साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. नदी स्वच्छ करायची एक योजना आली आणि तिच्यातून तिथल्या नगरपालिकेला हे केंद्र मिळालं. मी सांगलीच्या विश्रामबागेत राहणारी, नुकती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. नोकरी म्हणजे सहा-सहा महिन्यांची ऑर्डर. प्रत्येक ऑर्डर संपत आली की नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांच्या टेबलासमोर हात बांधून उभं राहायचं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावणारी मी एकटी. ही नोकरी गेली तर काय, हा विचार मी रोज एसटीत बसल्यावर पहिला करायची.

हवालदार म्हणजे तिथले मुख्य ऑपरेटर. म्हसवडकडचे, माण तालुक्यातले. पलटणीत वीस-एक वर्षं काढलेली, आणि तीही कुठं, तर जवानांना प्यायचं पाणी गाळून देणाऱ्या तुकडीत. "तिकडं पिण्याचं गाळलं, हितं सांडपाणी गाळतो. काम एकच. गाळ खाली, पाणी वर. बाकी सगळं बोर्डावर लिवायला."

केंद्र बघायला कुणी आलं की त्यांची परीक्षाच असायची. पाहुण्यानं नाकाला रुमाल लावला की हवालदार थांबायचे. पुढं एक शब्द नाही. एकदा नगरपालिकेचे एक सदस्य चार कार्यकर्ते घेऊन आले. गेटातच सगळ्यांचे रुमाल वर. हवालदार अटेन्शनमध्ये उभे राहून म्हणाले, "नाक घरी धरायचं साहेब. हे तुमच्याच घरनं आलंय." कार्यकर्त्यांतला एक जण फिस्सकन हसला. सदस्यांनी मात्र रुमाल खिशात घातला आणि मग अर्धा तास हवालदारांनी त्यांना सगळं फिरवून दाखवलं, शेवटी हौदाच्या कठड्यावर बसवून चहा पाजला. तो चहा मीही रोज तिथंच बसून प्यायची. सवय झाली की काही वाटत नाही हो, उगाच बोलतात लोक.

नाल्याच्या तोंडाशी एक जाळी होती. तिच्यात अडकलेलं बघून हवालदार गावाचं वर्तमान सांगायचे. झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता आल्या की, "लग्नाची तिथ दाट हाय." पाणी पिवळं झालं की, "हळद धुवायला काढली कुणीतरी." गुटख्याच्या पुड्या बघितल्या की मात्र तोंडात पलटणीतल्या शिव्या यायच्या. माझ्याकडं बघून अर्ध्यावर गिळायचे.

त्यांचं खरं प्रेम मोठ्या गोल हौदावर. त्या हौदात काही करायचं नसतं, हीच त्यातली गंमत. मैलापाणी मधोमध आत येतं, हळूहळू कडेला सरकतं, सरकता सरकता त्यातला गाळ जडपणानं तळाला बसतो आणि वरचं निवळ पाणी कठड्यावरून सांडून पुढं जातं. हौदावर एक लोखंडी पूल; त्याचं एक टोक मधल्या खांबावर आणि दुसरं कठड्यावरून फिरणारं. पुलाखाली तळापर्यंत पोचलेली पाती. मोटारीवर तो पूल इतका सावकाश फिरायचा की नवख्याला वाटावं बंद पडलाय. पाती तळाचा गाळ मधल्या खड्ड्यात लोटायची, तिथून तो नळानं वाळवणाच्या वाफ्यांवर जायचा. त्या हौदाजवळ पळायचं नाही, ओरडायचं नाही, काही टाकायचं नाही. "पाण्याला थांबू द्या. थांबलं तरच सोडतंय ते. घाई केली की गाळ उठला आणि चालला नदीत." बबन नावाचा एक मदतनीस होता, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला, स्वतःही विशीपर्यंत फिरलेला. त्यानं एकदा गडबडीत बादली आपटली, तर हवालदारांनी त्याला हौदाला हात जोडायला लावले. बबन मला हळूच म्हणाला, "बाई, म्हातारा लय येडा हाय, पर येडा न्हाई."

गुरुवारी त्यांची सुट्टी. सुट्टीला माणूस घरी झोपतो, देवाला जातो, सिनेमाला जातो. हे सायकल काढून नदीकाठानं खालच्या गावाला जायचे. तिथं चावडीजवळच्या नळाशेजारी एक आक्का राहायच्या. त्यांच्या हातून तांब्याभर नळाचं पाणी घ्यायचे, उभ्याउभ्या प्यायचे आणि परत. खालच्या गावाची नळयोजना नदीतूनच. म्हणजे आम्ही सोडलेलं पाणी नदीत मिसळून त्यांच्या विहिरीत जायचं. मी म्हटलं, "अहो, तिथं ब्लिचिंग टाकतात की." तर म्हणाले, "ब्लिचिंग म्हंजे शिपाई. गाळाशीच लढत बसला तर जंतूंशी कवा लढणार?" बी.एस्सी.ला तीन वर्षं जे मला कुणी समजावलं नव्हतं ते या आठवी पास माणसानं एका वाक्यात सांगितलं.

आता माझं पाप सांगते.

पाण्यात गाळ किती राहिला हे मोजायची रीत सोपी आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना बाटलीत भरायचा, त्यातलं मोजकं पाणी गाळणकागदातून गाळायचं, कागद वाळवून तोलायचा. कागदाचं वजन जितकं वाढलं तितका गाळ. ओतण्याआधी बाटली जोरात हलवायची, कारण तोवर गाळ खाली बसलेला असतो. हे पुस्तकातलं पहिलं वाक्य. पण माझ्या आधीचे केमिस्ट चार्ज देताना म्हणाले होते, "नमुना टेबलावर ठेवायचा. चहा घ्यायचा. मग वरचं वरचं ओतायचं. आकडा झकास येतो." आणि मी तसंच करत होते. वर्षभर! मनाला समजूत काय, तर नमुना खरा, कागद खरा, तराजू खरा, मी कुठं खोटं लिहिते? चहाच तर पिते.

चैत्रात पुलाच्या मोटारीचा गिअरबॉक्स मोडला. पूल थांबला. तळाचा गाळ तिथंच कुजायला लागला आणि पाचव्या-सहाव्या दिवशी काळ्या पोळ्या बुडबुड्यांबरोबर वर येऊन कठड्यावरून सांडायला लागल्या. साहेब आले. त्यांनी दोन उपाय काढले. पहिला, हौद उपसून चार माणसं आत उतरवायची आणि बादल्यांनी गाळ काढायचा. हवालदार म्हणाले, "माणूस उतरणार न्हाई. आत वायू असतो. मरंल."

"अहो, तुमच्यातलीच चार माणसं बघा की. त्यांना सवय असते."

साहेबांना आपण काय बोललो ते कळलंही नसावं. बबन खाली बघायला लागला. हवालदारांचा आवाज जराही चढला नाही. "साहेब, माझ्या बापानं छप्पन्न साली गावची ढोरं वढायचं सोडलं. बुद्धाला हात जोडले आणि सोडलं. गावानं वाळीत टाकलं तरी परत धरलं न्हाई. मी हितं मैला उचलाय आलो न्हाई. पाणी साफ कराय आलोय. दोन्हीत फरक हाय, आणि तो तुमाला शिकवायला मला पगार न्हाई." पांढऱ्या शर्टाचं मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी त्याला विक्षिप्तपणा म्हणत होते, माझीच मला लाज वाटली.

साहेब लालबुंद. दुसरा उपाय त्यांनी गाडीत बसता बसता सांगितला. नदीकडचा दरवाजा उघडायचा आणि सगळं मैलापाणी न थांबवता सरळ नदीत सोडून द्यायचं, गिअरबॉक्स येईल तेव्हा येईल. आणि मला म्हणाले, "बाई, तुमचा आकडा नेहमीसारखाच यायला हवा. महिनाअखेर तुमची ऑर्डर आहे ना माझ्याकडं?"

त्या दिवशी बुधवार होता. साहेब गेल्यावर हवालदार माझ्या खोलीत आले. टेबलावर नमुन्याची बाटली उभी, शेजारी माझा चहा. त्यांनी बाटली बघितली, चहा बघितला. "बाई, बाटली हलवली का?"

मी उसळलेच. "केमिस्ट कोण आहे इथं? तुम्ही की मी?"

"तुमीच," ते म्हणाले. "उद्या गुरुवार. माझ्यासंगं चला."

का गेले कोण जाणे. भांडायलाच गेले बहुधा. ते सायकल हातात धरून, मी शेजारून, तासभर नदीकाठानं. आक्का दारातच होत्या. "आलास व्हय रं दादा?" म्हणून आत गेल्या आणि लखलखीत घासलेला तांब्या भरून आणला. ते प्यायले. मग आक्कांनी तांब्या पुन्हा भरून माझ्यासमोर धरला. "घ्या की बाई. उन्हाचं आलाय."

माझा हात पुढं गेला नाही. वर नदीत काय सांडतंय हे त्या अख्ख्या अंगणात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक ते पाणी पिऊन उभा होता. "तहान नाही," मी म्हटलं. उन्हानं जीभ टाळूला चिकटली होती. आक्कांना वाटलं असणार, शहरातली बाई, शिष्ट. हवालदारांनी आग्रह केला नाही.

परतताना निम्मी वाट सरली. मग म्हणाले, "आमच्या तिकडं माझ्या आज्याला वरनं पाणी वतायचे. वंजळीत. भांडं लांब ठेवायचं. हितं पैल्यांदा आलो तवा आक्कांनी तांब्या सरळ हातात दिला. त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. नंतर सांगितलं, तरी बी हातातच दिला. आता सांगा बाई, त्या तांब्यात मी घाण सोडू व्हय?"

मी रडले. राग होता, भीती होती, वडिलांची औषधं डोळ्यांपुढं होती, सगळंच एकदम आलं. ते थांबले नाहीत, सायकल ढकलत पुढं चालत राहिले आणि मला एकटीला नीट रडू दिलं.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेतला नाही. बाटली आणली आणि हलवली. अशी हलवली की खांदा भरून आला. कागद काळाकुट्ट झाला. आकडा आला तो मी पुन्हा एकदा काढला, तोच आला. रिपोर्टात लिहिला, खाली सही केली, आणि शेरा मारला की याआधीचे आकडे बाटली न हलवता काढलेले आहेत, ते धरू नयेत. साहेब म्हणाले बदला. मी म्हटलं, नाही बदलत. म्हणाले, ऑर्डरचं काय? मी म्हटलं, तुमच्याकडंच राहू द्या. बाहेर आले ती तशीच पोस्टात गेले आणि एक प्रत वरच्या कार्यालयाला रजिस्टरनं टाकली.

इकडं हवालदारांनी काय केलं होतं! नदीकडचा दरवाजा बंदच ठेवून तो उघडायचं मोठं लोखंडी चाक पान्यानं काढलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि चक्क घरी नेलं. आता दरवाजा उघडणार कसा? जाड पाना लावून उघडला असता कुणी, पण हवालदारांसमोर पाना घेऊन जायची कुणाची छाती? आणि मोडका गिअरबॉक्स सोडवून पूल मोकळा केला. म्हणाले, "गिअरबॉक्स मोडला. पूल मोडला न्हाई." आणि पुलाच्या टोकाला हात लावून कठड्यावरून ढकलत चालायला लागले. गुऱ्हाळावर चरकाभोवती बैल फिरायचे ना, तसे.

ते वाटतं तितकं सोपं नाही. ओझ्यापेक्षा जड असतं ते सावकाश चालणं. मी एकदा हात लावला तर दहा पावलांतच "बाई, हळू!" म्हणून ओरडले, आणि हौदाजवळ ओरडलेले मी त्यांना तेवढंच ऐकलं. घाई केली की पाती गाळ उठवतात. पाऊल टाकायचं, थांबायचं, पुढचं टाकायचं. हे जमलं एका बबनला. मेंढरामागं चाललेला माणूस, चरणाऱ्या कळपाच्या चालीनं दिवस काढलेला. त्याला शिकवावंच लागलं नाही. दोघं पाळीपाळीनं दिवसभर फिरायचे. चार दिवसांत पोळ्या यायच्या थांबल्या. मी रोज बाटली हलवत होते आणि आकडा रोज उतरत होता. माझे शेवटचे दहा दिवस उरले होते, पण तितकं खुशीनं मी आजवर कुठंही काम केलेलं नाही.

महिना संपला. माझी ऑर्डर आली नाही. हवालदारांना निलंबित केलं. कारण, सरकारी चाक चोरलं. गेटवर पाय ठेवायची बंदी. बबन एकटा किती ढकलणार? पूल पुन्हा थांबला.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले होते. मला साक्षीला बोलावलं होतं. हवालदार त्याच पांढऱ्या शर्टात, काखेत ते चाक. आल्या आल्या टेबलावर ठेवलं. टेबल हललं.

"हे तुम्ही नेलं होतं?"

"व्हय साहेब."

"वरिष्ठांचा दरवाजा उघडायचा हुकूम होता ना?"

"तोंडी हुता. लेखी मागितला. दिला न्हाई."

इंजिनिअर साहेब मधेच म्हणाले, एवढा कांगावा करायचं कारणच नव्हतं, केंद्राचं पाणी उत्तम आहे, हा घ्या आजचा नमुना. आणि पिशवीतून बाटली काढून ठेवली. पाणी खरंच निवळशंख दिसत होतं. फक्त बाटलीच्या बुडाशी बोटभर रुंदीचं लेबल गोल चिकटवलेलं होतं. मी असली लेबलं मानेजवळ लावायची. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हवालदारांनी टाचा जुळवल्या.

"साहेब, हुकूम असंल तर बाटली हलवू का?"

अधिकाऱ्यांनी इंजिनिअर साहेबांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते. "हलवा," अधिकारी म्हणाले.

हवालदारांनी एकदाच हलवली. काळं ढवळून वर आलं, पार बुचापर्यंत. बाटली त्यांनी अगदी हळू त्या चाकाशेजारी ठेवली. "तुमी प्या म्हणत न्हाई साहेब. खाली गाव हाय, एवढं लिवून घ्या."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

पुढं गिअरबॉक्स आला, पंधरा दिवसांत आला. म्हणजे येत होता तर! हवालदारांना कामावर घेतलं, पण चाक विनापरवाना नेल्याबद्दल लेखी ताकीद दिली. ती त्यांनी फ्रेम करून केबिनमध्ये लावली. मी विचारलं तर म्हणाले, "चाक नेलं हुतं. ताकीद खरी हाय. खरा कागद लावायला काय हरकत?"

माझी ऑर्डर मात्र आली नाही ती नाहीच. विश्रामबागेत शिकवण्या धरल्या, ओढाताण झाली, त्याचं इथं रडगाणं नको. अनुभवाचा दाखला मागायला एका गुरुवारी मी गेले. साहेबांनी दोन तास बसवून ठेवलं आणि नाही दिला. संतापानं कान तापले होते. खाली उतरले तर फाटकाशी सायकल हातात धरून हवालदार उभे. दाखल्याचं त्यांनी विचारलं नाही.

"चला," म्हणाले.

पुन्हा तासभर नदीकाठानं. पुन्हा तेच दार. आक्का डोळ्यांवर हात धरून मला ओळखू बघत होत्या. "ही त्या दिसाची तहान नसलेली बाई न्हवं?"

"व्हय," हवालदार म्हणाले. "आमची केमिस्ट हाय. हिनं बाटली हलवली."

आक्कांना काय कळणार? त्या आत गेल्या, तांब्या भरून आणला आणि आधी माझ्या हातात दिला. मी तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. हनुवटीवरून ओघळ आला, ओढणी भिजली, तरी पीत राहिले.

"आणिक देऊ?" आक्कांनी विचारलं.

"द्या," मी म्हटलं.